दादाविरुद्ध दिलेली साक्ष

माझ्या थोरल्या भावाबद्दल मी खोटं बोललो. चिडून, भांडणात बोललो असतो तर गोष्ट वेगळी होती. मी सभेत उभा राहून, देवाचं नाव घेऊन बोललो — परक्या देशात, जिथे त्याच्या बाजूने तोंड उघडणारं एकही माणूस नव्हतं. ह्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. माझ्या बायकोला हे माहीत नाही. मोखाड्याच्या ज्या ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक आहे, तिला माहीत नाही. दर रविवारी मी त्यांना खरं बोला म्हणून सांगतो आणि घरी येऊन जेवतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

आधी दादा कोण ते सांगतो. नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही.

आमचं गाव जामसर, जव्हार तालुक्यातलं. बाप लवकर गेला. मी तेव्हा आठ वर्षांचा, दादा एकोणीसचा. भाताचे दोन तुकडे आणि उतारावरची नागली, एवढीच शेती. मला आश्रमशाळेत त्यानेच घातलं, पुढे जव्हारला कॉलेजातही. सातवीनंतर स्वतः शाळेत गेला नाही. कॉलेजात असताना एका मित्राने मला बायबलातला नवा करार वाचायला दिला. मी वाचला. काही दिसलं नाही, आवाज ऐकू आला नाही, पण मन शांत झालं आणि ते तसं राहिलं. बाविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला आणि मग घरी सांगायला गेलो. दादा अंगणात बसून टोपली विणत होता. सगळं ऐकून घेतलं, बांबूची एक पट्टी दाताने ओढली आणि विचारलं,

“त्याच्यात दारू सोडाय लागं का?”

“हो.”

“मग बरा हाय. आत जा, वहिनीनं भाकर केलीय.”

बस. एवढाच माझा छळ. ऐकताय ना?

अडचण आली ती नव्या भाताला. आमच्याकडे नवं धान्य घरात आलं की आधी देवांना आणि पितरांना दाखवतात. मग घरचे जेवतात. त्याआधी घरातलं लहान मूलसुद्धा त्याला तोंड लावत नाही. मी नवा नवा विश्वासात आलेलो, डोक्यात वारं भरलेलं. म्हणालो, देवांना दाखवलेलं मी खाणार नाही. वहिनी रडायला लागली. एका घरात राहून नव्या भाताला नाही म्हणायचं, म्हणजे घराशी नातं तोडल्यासारखंच. दादा उठला. मग चुलीपाशी गेला, भाताच्या तपेल्याचं झाकण काढलं आणि कोणाच्याही आधी, देवांच्याही आधी, एका पानावर माझा भात काढला. आत पूजेची मांडामांड चालली होती म्हणून पान बाहेर ओट्यावर आणून ठेवलं.

“आता ह्याला कोणी देव शिवला नाय. जेव.”

ह्याचा अर्थ तुमच्या लक्षात येतो का? माझ्या तेव्हा आला नव्हता. गावात ते पसरलं. गावदेवांचं बघणाऱ्या भगताने त्याला चारचौघांत सुनावलं. पारावरची माणसं किती तरी वर्षं त्याला टोमणा मारायची, “काय रं काशिनाथ, देवापेक्षा भाऊस मोठा झाला काय?” दुसऱ्या वर्षी भाताला करपा रोग पडला, तेव्हा तोही त्याच्याच माथी मारला. दादा हसून म्हणायचा, “देव मोठा हाय, त्याला कळतं. ह्यो लहान हाय.” आणि नव्या भाताला पुन्हा माझं पान आधी. मी घरातून निघेपर्यंत दरवर्षी.

आता दुसरी एक गोष्ट. माझ्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे, करंगळीएवढा. दहा वर्षांचा असताना मोहाच्या झाडावरून पडलो होतो. रक्त थांबेना. दादाने मला पाठीवर घेतलं आणि जव्हारच्या दवाखान्यापर्यंत नेलं. वाटेत जीप मिळाली नाही. टाके घालताना मी त्याच्या दंडाला चावलो होतो.

पान आणि व्रण — एवढ्या दोनच गोष्टी माझ्यापाशी होत्या. त्याच मी वापरल्या.

सव्विसाव्या वर्षी मला फिलिपिन्समधल्या एका बायबल स्कूलमध्ये जागा मिळाली. पासपोर्टाच्या कागदपत्रांसाठी दादा माझ्याबरोबर जव्हारला किती हेलपाटे घालत होता! मी निघालो तेव्हा जव्हारच्या एसटी स्टँडवर त्याने नागलीच्या पापडांचा डबा माझ्या बॅगेत कोंबला आणि खिडकीतून एकच विचारलं, “तिथं भात मिळतो ना रं?”

मिळत होता. तिन्ही वेळा मिळत होता. बाकी काही मिळत नव्हतं. जव्हारच्या कॉलेजातलं माझं इंग्रजी वर्गात उभं राहताच गळून पडायचं. पहिल्या सत्रातल्या पहिल्या दोन परीक्षांत मी नापास झालो. जेवायच्या टेबलावर सगळे माझ्या डोक्यावरून बोलायचे. कोणी वाईट नव्हतं, हे सांगायला हवं. त्यांना मी दिसतच नव्हतो. मी हे दया यावी म्हणून सांगत नाही. एकटी तर जगात किती माणसं असतात. ती सगळी भावाला विकत नाहीत.

तिथे एक रीत होती. दर शुक्रवारी संध्याकाळच्या सभेत नव्या विद्यार्थ्यांपैकी एकाने साक्ष द्यायची — आपण विश्वासात कसे आलो ते उभं राहून सांगायचं. मी सहा शुक्रवार ऐकत बसलो. एकजण तुरुंगात होता. एकीला घरच्यांनी कोंडून ठेवलं होतं. माझ्या खोलीतला सोबती म्यानमारचा. त्याच्या गावातलं प्रार्थनाघर जाळलं होतं आणि त्यात त्याचा चुलता गेला. त्याने ते तीन मिनिटांत सांगितलं. कोणी जाळलं, असं एकाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, त्यांची नावं मी इथे घेणार नाही, त्यांचीही मुलंबाळं आहेत. आणि खाली बसला.

सातवा शुक्रवार माझा होता. मी काय सांगणार होतो? की मी पुस्तक वाचलं आणि भावाने बरं आहे म्हटलं?

मी उभा राहिलो. सुरुवात खरीच केली — गाव, शेती, कॉलेज. चेहरे थकलेले होते, मागे कोणीतरी जांभई दिली. मग मी म्हणालो, माझ्या घरी माझं जेवण वेगळं काढायचे. मी बाहेर बसून जेवायचो.

शब्दाला शब्द खरा होता. आणि सभेत एकदम शांतता पसरली. सगळे माझ्याकडे बघत होते. पुढे बसलेल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. मला तिथेच थांबून सांगता आलं असतं — नाही, तसं नाही, ऐका, उलट आहे. दोन वाक्यांचं काम होतं. तेवढं इंग्रजी मला नक्की येत होतं. तरी मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याची चव मला आवडली. हो, आवडली.

सभा चालवणारे आमचे म्हातारे शिक्षक होते, फार मायाळू. त्यांनी हलकेच विचारलं, तुला मारहाणही झाली का? माझा हात आपोआप भुवईकडे गेला. आपोआप — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आपोआप गेला नाही. मी नेला. आणि म्हणालो, हो. माझ्या भावाने.

नाव काय त्याचं, त्यांनी विचारलं. त्याच्यासाठी प्रार्थना करू या.

मी नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. गावाचं नावसुद्धा सांगितलं.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना दिसायला लागलो. जेवताना माझ्या शेजारी जागा धरायचे. इंग्रजी शिकवायला दोघं पुढे आले आणि सत्राच्या शेवटी मी पास झालो. माझी साक्ष शाळेच्या पत्रिकेत छापून आली. भिंतीवरच्या प्रार्थनेच्या यादीत दादाचं नाव लागलं. रोज सकाळी मी त्या यादीखालून जायचो.

ऑक्टोबरात दादाचं पत्र आलं. वहीच्या कागदावर, त्याच्या सातवीच्या अक्षरात. त्यात होतं — भात बरा आला. नवं केलं. सवयीने तुझं पान आधी काढलं, मग आठवलं तू इथे नाहीस. वहिनी हसली. मग पान पोरीला, सुनंदाला दिलं, ती आता बसायला लागली आहे.

माझ्या सोबत्याने विचारलं, कोणाचं पत्र? माझ्या तोंडून निघून गेलं, भावाचं. तो उडालाच. मारणाऱ्या भावाने पत्र लिहिलं! त्याने धावत जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि शुक्रवारी सभेत जाहीर झालं की प्रार्थनेचं उत्तर मिळालं, त्या भावाचं मन वळायला लागलं आहे. ज्याचा चुलता आगीत गेला तो माणूस माझ्यासाठी आनंदाने रडत होता. मी मान खाली घालून बसलो. लोकांना ती नम्रता वाटली.

तुम्हाला वाटेल, एवढंच. तरुणपणची चूक. मलाही पुढे अनेक वर्षं तसंच वाटत होतं. परत आलो, लग्न झालं, मोखाड्यात सेवा सुरू झाली. दादाकडे जाणंयेणं चालू होतं. समुद्रापलीकडे बोललेलं समुद्रापलीकडेच राहिलं असं धरून चाललो होतो. पण सात वर्षांपूर्वी ते म्हातारे शिक्षक भारतात आले आणि त्यांनी एकच इच्छा सांगितली — तुझ्या भावाला भेटायचं आहे.

कारण काढून टाळता आलं असतं. मी टाळलं नाही. का? दुभाषी मीच असणार होतो, म्हणून. बघा, तोवर मी किती सराईत झालो होतो.

दादाने अंगण सारवून घेतलं होतं. वहिनीने कोंबडी केली होती. जेवण झाल्यावर शिक्षकांनी दादाचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, तू तुझ्या धाकट्या भावाला मारलंस, घराबाहेर जेवायला बसवलंस, तरी मी त्या दिवसापासून रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करतो. माझ्या मनात तुझ्याबद्दल राग नाही.

मी मराठीत सांगितलं, “हे म्हणतात, रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करतो.”

दादा चकित झाला. “माझ्यासाठी? कशाला रं? मला काय झालाय?” आजूबाजूची माणसं हसली. शेजारचा म्हातारा म्हणाला, “तुझी बिडी सुटंल म्हणून करत असंल.” पुन्हा हसले.

शिक्षक माझ्याकडे बघत होते, काय म्हणाला म्हणून. आणि मी — माझा भाऊ समोर बसलेला, त्याचे हात दुसऱ्याच्या हातात — मी इंग्रजीत म्हणालो, त्याला पश्चात्ताप झाला आहे.

शिक्षकांनी दादाला मिठी मारली. रडले. दादाला काही कळेना. तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, रडणाऱ्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. कोणीतरी फोटो काढला.

दारात चहाचे कप घेऊन सुनंदा उभी होती. दादाची मुलगी, तेव्हा बारावीला. तिचं इंग्रजी चांगलं होतं. तिच्या फीचे अर्ज मीच भरले होते, हे मी विसरलो होतो. तिने कप खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. नंतर आत गेली. त्यानंतर सात वर्षं ती मला भेटत राहिली, पाया पडत राहिली, त्यावर एक शब्द बोलली नाही.

ती आता मोखाड्याला पंचायत समितीत नोकरीला आहे. ह्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी भेटली. एका बाजूला घेऊन गेली, मोबाईल काढला. त्या शाळेने जुन्या साक्षी इंटरनेटवर टाकल्या आहेत. माझी साक्ष तिथे होती. खाली दादाचा तो मिठीतला फोटो, आणि नाव. पूर्ण नाव, गाव.

“काका, बाबांनी तुम्हाला मारलं होतं का?”

“नाही.”

“मग त्या दिवशी मीच चुकीचं ऐकलं ना?”

मी मोबाईलमधल्या फोटोवरून नजर काढली.

“बाबा अजून त्या म्हाताऱ्याची आठवण काढतात,” ती म्हणाली. “पारावर सांगतात, एवढ्या लांब एक माणूस आहे, माझ्यात काही बघितलं नाही तरी माझ्यासाठी रोज हात जोडतो. मला ऐकवत नाही, काका. उद्या माझा मुलगा शाळेत जाईल, आजोबांचं नाव टाकेल ह्याच्यात, काय वाचेल? मी बाबांना सांगणार नाही. तुम्ही सांगायचं आहे.”

तिने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि मिरच्या घ्यायला गेली.

त्यानंतर मी लगेच जामसरला गेलो असं तुम्हाला वाटेल. मी सोळा दिवस गेलो नाही. एकदा जव्हारपर्यंत जाऊन परत आलो. शाळेला मात्र लिहिलं. सगळं लिहिलं, साक्ष काढून टाका म्हणून. लांबच्यांना लिहिणं सोपं असतं. साक्ष काढल्याचं त्यांचं उत्तर आलं. त्यात हेही होतं की ते शिक्षक दोन वर्षांपूर्वी वारले.

सतराव्या दिवशी गेलो. दादा शेतावर होता. राबाची तयारी चालली होती — रोपं टाकायच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर झाडाचा पाला आणि गवत, वर माती, मग ते भाजायचं. तो पाल्याचे भारे सोडून पसरत होता. साठीला आलाय. मला बघून म्हणाला, “पाळकसाहेब, हात लावा जरा, नाय तर कपडं मळतील म्हणून बसा बांधावर.”

मी बांधावर बसलो नाही. पाला पसरायला लागलो आणि तसाच बोलायला लागलो, त्याच्याकडे न बघता. सांगायला जेवढा वेळ लागेल वाटलं होतं तेवढा लागला नाही. पान. व्रण. शुक्रवार. यादी. अंगणातली ती दुपार, मी काय ऐकलं आणि त्याला काय सांगितलं, त्याने काय म्हटलं आणि मी पलीकडे काय सांगितलं. वाटेत जीपमध्ये मी बरीच वाक्यं जुळवली होती — मी तरुण होतो, परका मुलूख होता, घाबरलो होतो. त्यातलं एकही बोललो नाही.

दादाचे हात मध्येच थांबले होते. मग पुन्हा चालू झाले. पाला पसरून झाला तेव्हा त्याने विचारलं,

“नाव माझाच सांगितलास?”

“हो.”

“बापाच्या नावासकट?”

“हो.”

त्याने डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं.

“आणि तो म्हातारा? त्याला आता खरा काय ते सांगितलास?”

“तो गेला, दादा. दोन वर्षं झाली.”

“म्हणजे तो मला भावाला मारणारा समजून गेला.”

त्याच्या आवाजात राग असता तर मी उभा राहू शकलो असतो. राग नव्हता. त्याचं काहीतरी हरवलं होतं आणि ते कुठे शोधायचं ते त्याला कळत नव्हतं, एवढंच त्या आवाजात होतं. इतकी वर्षं पारावर ज्याच्याबद्दल अभिमानाने सांगितलं, तो एक माणूस मी त्याच्याकडून त्या क्षणी काढून घेतला. परत आणून देण्यासारखा नाही.

मी हातातला पाला खाली टाकला. त्याच्यासमोर गेलो, आणि ह्या वेळी त्याच्याकडे बघून म्हणालो, “दादा, तू मला कधी बोटसुद्धा लावलं नाहीस. मी खोटं बोललो. तुझं नाव घेऊन बोललो, तुझ्या मागे बोललो आणि तुझ्या अंगणात तुझ्या तोंडावरही बोललो. माझं चुकलं.”